नाममुद्रा पुसू नका



आषाढी जवळ आली की वसई-विरार भागात भिंती रंगू लागतात. सोसायटीचे कुंपण, शाळेची भिंत, पुलाचा खांब आणि आता काही ठिकाणी विठ्ठल मंदिराचा सभामंडपसुद्धा. गेरूचा रंग, त्यावर पांढरी त्रिकोणी माणसे. कोणाच्या हाती टाळ, कोणाच्या डोईवर तुळस. वारली चित्रातली वारी! पाहणारा म्हणतो, "किती सुंदर, आपली संस्कृती." या 'आपली' शब्दापाशी जरा थांबले पाहिजे. ही चित्रे ज्यांची आहेत ते वारली याच पालघर जिल्ह्यात राहतात. डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा ही त्यांची गावे. आपल्या वसई तालुक्याच्या पूर्वेकडच्या पाड्यांवरही ते आहेत. तरीही बहुतेक भिंतींवर त्यांच्यापैकी कोणाचे नाव नसते. रंगाचे पैसे देणाऱ्याचे मात्र ठळक अक्षरांत असते.

वारकऱ्याला हे खटकलेच पाहिजे. दुसऱ्याची वाणी आपल्या मुखाने गाणे हाच आपला नित्याचा व्यवहार आहे. ज्ञानोबांचे, नामदेवांचे, जनाबाईंचे, चोखोबांचे, तुकोबांचे शब्द आपण रोज गातो. त्यात चोरी होत नाही, कारण अभंगाच्या शेवटी ज्याची त्याची नाममुद्रा असते आणि ती आपण कधी गाळत नाही. किती मोठा कीर्तनकार असो, जनाबाईंचा अभंग तो जनाबाईंच्याच नावाने संपवतो. उलट वागणाऱ्यांचे नावही परंपरेने लक्षात ठेवले आहे. तुकोबांचे अभंग घेऊन त्यात स्वतःची मुद्रा घालणारे सालोमालो! गाथेत त्यांच्यावर अभंग आहेत आणि तुकोबांचा शब्द तिथे चांगलाच तिखट झाला आहे. संताजी जगनाड्यांनी अभंग उतरवून घेतले, त्यांना आपण वंदन करतो. सालोमालोंनीही तेच अभंग घेतले, त्यांना कोणी वंदन करीत नाही. शब्द तेच, फरक मुद्रेचा. आदराने घेणे आणि लुबाडणे यांतला भेद समजायला आपल्याला परक्या शास्त्राची गरज नाही.

आता या चित्रांचे मूळ पाहू. वारल्यांच्या घरी लग्न निघाले की सुवासिनी झोपडीतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्या चौकात पालघट देवी बसते. धवलेरी लग्नाची गाणी म्हणते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे ही सजावट नव्हे, हा विधी आहे. आपल्या देव्हाऱ्यातली मूर्ती कोणी दुकानाच्या पाटीवर शोभेला लावली तर जे वाटेल, ते चौक सोसायटीच्या कुंपणावर पाहून एखाद्या आजीला वाटत असेल. तारप्याचे तसेच. तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांचे वेटोळे फिरते. आमचे हौशी रंगारी मधला तारपा काढतात आणि तिथे वीणा ठेवतात. वीणा आम्हांला प्राणाहून प्रिय आहे. पण आमच्या दिंडीतली वीणा काढून तिथे कोणी न विचारता दुसरे वाद्य ठेवले तर आम्ही त्याला कौतुक म्हणू का?

यावर आक्षेप येतात. पहिला असा की कला सर्वांची आहे, विठ्ठल सर्वांचा आहे, मग हे तुझे-माझे कशाला? उत्तर सोपे आहे. विठ्ठल सर्वांचा, म्हणून नामदेवांचा अभंग माझ्या नावावर होत नाही. ज्ञान वाटल्याने वाढते हे खरे. पण वाटणाऱ्याचे नाव पुसल्याने ते वाढत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. झोपडीतल्या चौकावर तरी सुवासिनी कुठे नाव लिहीत होत्या? नव्हत्या. तिथे गरज नव्हती. हात कोणाचा हे सगळ्या पाड्याला ठाऊक होते. वस्तू ओळखीच्या घरातून अनोळखी रस्त्यावर आली की नाव लागते. मुद्रेचे कामही तेच आहे. देहूत तुकोबांना सगळे ओळखत होते. मुद्रा उपयोगी पडली ती अभंग देहूबाहेर गेला तेव्हा.

तिसरा आक्षेप म्हणतो, मग बाहेरच्याने या कलेला हातच लावू नये काय? असे मुळीच नाही. भास्कर कुलकर्णी बाहेरचेच होते. १९७० नंतरच्या काळात ते डहाणूच्या पाड्यांवर गेले, राहिले, कागद आणि रंग दिले. ती चित्रे जगापुढे आली ती वारल्यांच्याच नावाने. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे त्यातून पुढे आले. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री. त्याच गंजाडचे राजेश वांगड छायाचित्रकार गौरी गिल यांच्याबरोबर काम करतात. एकाच चित्रात तिचे छायाचित्र आणि त्यांची रेघ, आणि खाली दोघांचीही नावे. वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण कायदा नावाची राखण करील. भिंतीपुढे उभ्या असलेल्या माणसाची नियत कायदा राखणार नाही. ती आपल्याकडे आहे.

आणि नियतीचा प्रश्न आपल्या संप्रदायाला नवा नाही. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून १३३८ साली चोखोबा गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारापाशी समाधी दिली. पुढे शतकानुशतके महाद्वाराच्या आत चोखोबांचे अभंग घुमत राहिले आणि चोखोबांची माणसे बाहेर उभी राहिली. ते दार उघडायला १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. वाणी आत घ्यायची आणि माणूस बाहेर ठेवायचा, हे पाप काय असते ते वारकऱ्याइतके कोणाला कळावे?

आज तसेच घडते आहे. वारल्याचे चित्र शहरात आले, वारली नाक्यावर उभा आहे. भिंतीच्या विटा भट्टीवर भाजणाऱ्यांत, त्या रचणाऱ्यांत आदिवासी हात आहेत. चित्राखाली नाव मात्र दुसऱ्याचे. ज्या लग्नचौकाला आपण सुंदर म्हणतो, त्याच लग्नाच्या कर्जापायी वारली जोडपी सावकाराच्या घरी लग्नगडी म्हणून राबत होती. १९४५ च्या उठावाने ती बेडी तोडली. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' ज्याने वाचले आहे त्याला या पांढऱ्या रेघा नुसत्या गोड वाटणार नाहीत. आणखी एक गोष्ट. आपल्या वसई-विरारच्या नळाला येणारे पाणी मोठ्या प्रमाणात सूर्या नदीवरच्या धामणी धरणाचे आहे. हा प्रकल्प आखला गेला तो त्या आदिवासी भागातल्या शेतीच्या सिंचनासाठी. पाणी त्यांचे, श्रम त्यांचे, चित्रही त्यांचे. आणि आपण म्हणायचे, "आपली संस्कृती"!

म्हणून मंदिराच्या विश्वस्तांना, दिंडीच्या चालकांना आणि सोसायटीच्या मंडळींना हात जोडून मागणे आहे. भिंत रंगवायची असेल तर वारली चित्रकारालाच बोलवा. आपल्या जिल्ह्यात तो दूर नाही. त्याला सेवा म्हणून फुकट राबवू नका. मृदंगाचार्याला बिदागी देता तशी त्याला पुरी मजुरी आणि वर मान द्या. काय काढावे आणि काय काढू नये, हे त्याला ठरवू द्या. 'चौक इथे नको' असे तो म्हणाला तर तो शब्द शेवटचा माना. चित्र पुरे झाले की कोपऱ्यात त्याचे नाव आणि गाव लिहा, देणगीदाराच्या नावाच्या आधी. आणि जुन्या भिंतीवरचे चित्र कोणाच्या हातचे हे कळत नसेल, तर निदान 'वारली समाजाची कला' एवढे तरी तिथे लिहा. रंगाचा एक डबा आणि अर्धा तास, एवढाच त्याला खर्च.

एवढे होत नसेल तर भिंत कोरी ठेवावी. कोऱ्या भिंतीने विठोबाचे काही अडत नाही. दुसऱ्याची मुद्रा पुसून केलेली शोभा त्याच्या दारी कशाला न्यायची?