अर्धं इग्लू

दोस्तहो, जुने सिनेमे बघा, दूरदेशीची माणसं कळतात, असं शहाणे सांगतात. बघितला. सूतगिरणीतली रात्रपाळी करून, तारवटलेल्या डोळ्यांनी ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ बघितला. १९२२ चा मुका सिनेमा. रॉबर्ट फ्लॅहर्टी नावाच्या गोऱ्यानं काढलेला. कॅनडात हडसन उपसागराच्या काठची इन्युइट माणसं. भाल्यानं वॉलरस मारतात, बर्फाच्या विटा कापून घर उभं करतात. मी त्यांचे हातच बघत राहिलो. कामाचा हात कामाच्या हाताला लगेच ओळखतो.

दिवे लागले. एक सर उठून म्हणाले, “किती निष्पाप! जवळ काही नाही, तरी किती सुखी!”

हे वाक्य माझ्या ओळखीचं. जुन्या गावगाड्याबद्दल हे लोक असंच गहिवरून बोलतात. माझं डोकं फिरलं. खणायला लागलो.

तर ऐका. नानूकचं नाव नानूक नव्हतंच. अल्लाकारियालाक. बायको म्हणून दाखवली ती त्याची बायको नव्हती. त्या लोकांकडे बंदुका आल्या होत्या. वॉलरस आवरेना, तेव्हा बंदूक चालव म्हणून ते ओरडले. साहेबानं ऐकू न आल्याचं सोंग केलं. इग्लूत कॅमेऱ्याला उजेड पुरेना, म्हणून अर्धंच इग्लू बांधलं आणि उघड्या गारठ्यात बायापोरांना झोपायला लावलं. ज्यांनी बर्फ फोडून फिल्म धुवायला पाणी आणलं, त्यांच्यातलाच माणूस पडद्यावर ग्रामोफोनची तबकडी चावतो. अडाणी दिसावा म्हणून! आणि पैसा? फरचा धंदा करणाऱ्या रेव्हिऑन फ्रेर कंपनीचा.

म्हंजे त्यांचा आज पुसला आणि गिऱ्हाइकाला आवडेल असा काल उभा केला. आपल्याला हे नवं नाही. खेडं म्हंजे स्वर्ग म्हणणाऱ्यांना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत उभं राहून सुनावलंच होतं. स्वर्ग कुणाचा? वेशीबाहेर कोण होतं?

मग असले सिनेमे जाळायचे? मुळीच नाही. त्यातले हात खरे आहेत, विटा कापायची कसब खरी आहे. खोटं आहे ते वरून चिकटवलेलं सुख.

आणि पुढचंही ऐका. इग्लूलिकचा झकारियास कुनुक दगडात मूर्ती कोरायचा. १९८१ साली त्यानं मूर्ती विकल्या, कॅमेरा घेतला. २००१ मध्ये आपल्याच भाषेत ‘अतानारजुआत’ काढला. कान महोत्सवात पदार्पणाच्या सिनेमाचं बक्षीस मिळालं. काळ त्यातही जुनाच. पण तिथं माणसं जळतात, दगा देतात, खून करतात, प्रेम करतात, जिवाच्या आकांतानं बर्फावरून नागवी पळतात. निष्पाप कुणी नाही. माणूस आहे.

आपल्यालाही तेवढंच पाहिजे. कुणाची दया नको, कौतुक तर नकोच.

म्हणून दोस्तहो, जुने सिनेमे जरूर बघा. पण अर्धं इग्लू दिसलं की उठून विचारा : उरलेलं अर्धं कुणी कापलं, आणि कुणाच्या उजेडासाठी?