वेठ कोणाची?

‘वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा’ हा प्रश्न तपासायला घेतला की आम्हांला थोडा कंटाळाच येतो. गेल्या सत्रात मात्र आसगावच्या आमच्या वर्गातील एका विद्यार्थिनीच्या वाक्यापाशी आम्ही दोघेही थबकलो : ‘वैमानिकांनी संप करून प्रवाशांना वेठीस धरले.’ वाक्य निर्दोष होते. गुण पूर्ण दिले. पण धान पिकवणाऱ्या घरातली ही मुलगी विमानात कधी बसलेली नाही, आणि आम्हीही नागपूरच्या विमानतळावर पाहुण्यांना पोहोचवण्यापुरतेच गेलेलो. तरी वाक्य तिला सहज सुचले, कारण वर्तमानपत्रांनी ते आधीच घडवून ठेवले होते.

वेठ म्हणजे मोबदल्याविना सक्तीने करून घेतलेले काम. भंडारा जिल्ह्यात मालगुजारी तलाव अजून आहेत; मालगुजाराच्या शेतावर वेठीला जाणे म्हणजे काय, हे सांगणारी माणसे काल-परवापर्यंत होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक आणले, ते याच राबवणुकीच्या एका रूपाविरुद्ध. राज्यघटनेच्या 23व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला मनाई केली. आणि दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी राबणाऱ्या बांधकाम-मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली किमान वेतनाहून कमी मजुरीवर करून घेतलेले कामही त्याच मनाईखाली आणले. तात्पर्य, वेठीस धरणारा मुळात धनी असे आणि धरला जाणारा राबणारा. बातमीच्या भाषेत या दोन जागांची अदलाबदल कधी झाली हे कोशकारांनी पाहावे. अदलाबदल सोयीची कोणाला झाली, हे मात्र कोशाविना कळते.

मुंबईच्या जेट एअरवेजचेच उदाहरण घ्या. 2009 साली तिच्या वैमानिकांनी ‘नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड’ ही संघटना नोंदवली. दोन ज्येष्ठ वैमानिकांना कामावरून काढण्यात आले, आणि सप्टेंबरात शेकडो वैमानिकांनी एकदम आजारपणाची रजा टाकली. पाच दिवस उड्डाणे कोलमडली. शेवटी समेट होऊन काढलेल्यांना परत घेतले गेले. भांडण पगाराचे नव्हते, संघटना करण्याच्या हक्काचे होते. पण चर्चा झाली ती वैमानिकांच्या लठ्ठ पगाराची. इतके मिळत असताना यांना संघटना कशाला, असा एकूण सूर होता.

दहा वर्षांनी तीच कंपनी कर्जात बुडाली. 2019च्या जानेवारीपासून वैमानिक, अभियंते आणि वरिष्ठ व्यवस्थापक यांचे पगार थकले. (व्यवस्थापकांचेही थकले, हे नोंदवले पाहिजे.) तरीही विमाने उडत राहिली, म्हणजे वैमानिक ती उडवत राहिले. ‘पगार नाही तर उड्डाण नाही’ असा ठराव गिल्डने केला खरा, पण 1 एप्रिलची मुदत 15 एप्रिलवर गेली आणि तीही पुढे ढकलली गेली. 17 एप्रिलला कंपनीच बंद पडली. महिनोन्‌महिने मोबदल्याविना काम : शब्दाचा मूळ अर्थ इथे तंतोतंत लागू होता. पण ‘वैमानिक वेठीस’ असा मथळा त्या काळात आमच्या तरी पाहण्यात आला नाही.

वरच्या खुर्चीच्या मोबदल्याला भाषाही निराळी लाभते. अमेरिकन एअरलाइन्सने 2003 साली दिवाळखोरीची भीती दाखवून वैमानिकांसह सर्व संघटनांकडून वर्षाला दीड अब्ज डॉलरांहून अधिक रकमेची पगारकपात मान्य करून घेतली. त्याच सुमारास उघड झाले की निवडक वरिष्ठांना कंपनीत टिकून राहण्यासाठी बोनस आणि त्यांच्या निवृत्तिवेतनासाठी सुरक्षित निधी, अशी तरतूद आधीच झालेली होती. प्रमुख डोनाल्ड कार्टी यांना त्याच एप्रिलमध्ये राजीनामा द्यावा लागला. टिकून राहण्याचा बोनस! आपल्याकडे विमान-कप्तानाने टिकून राहावे म्हणून 2017 साली नियम काढला गेला, की त्याने नोकरी सोडण्यापूर्वी वर्षभराची सूचना द्यावी. एकाला थांबवण्यासाठी पैसा, दुसऱ्याला थांबवण्यासाठी नियम. 2013च्या कंपनी कायद्यातील कलम 197 प्रमाणे शेअर बाजारात सूचिबद्ध कंपनीला संचालकाचा मोबदला मधल्या कर्मचाऱ्याच्या पगाराच्या किती पट आहे, हे दरवर्षी सांगावे लागते. तो आकडा वार्षिक अहवालाच्या परिशिष्टात निजून असतो. त्यावरून कोणी कोणाला वेठीस धरल्याचे ऐकिवात नाही.

आम्ही हे तटस्थपणे लिहीत आहोत असा दावा नाही. 2013 साली ‘एमफुक्टो’ने परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला, तेव्हा ‘विद्यार्थ्यांना वेठीस धरणारे गलेलठ्ठ पगाराचे प्राध्यापक’ ही शब्दरचना आम्हीही ऐकून घेतली आहे. विद्यार्थ्यांचे हाल झाले, हे खरेच होते. पण त्याच काळात शेजारच्या वर्गात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या सहकाऱ्यांच्या मानधनाबद्दल, जे महिनोन्‌महिने येत नसे, कोणी हळहळले नाही; आणि खरे सांगायचे तर आमच्या संघटनेनेही पुरेसे बोलायला हवे होते तेवढे ती बोलली नाही. वैमानिकांच्या संघटनांवरही विमानतळावर सामान उचलणाऱ्यांविषयी हाच आक्षेप घेता येईल. तो घ्यावाच. मात्र त्यातून निघते ते संघटना रुंद करण्याचे काम; ती मोडण्याचे नव्हे.

राहिला ‘कामगार’ हा शब्द. वैमानिक कामगार की अधिकारी, हा वाद कंपन्या न्यायालयात पुन्हा पुन्हा उकरतात, आणि तो नुसता शब्दांचा वाद नाही. सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2024 रोजी जेट एअरवेज अवसायनात काढण्याचा आदेश दिला. दिवाळखोरी कायद्याच्या 53व्या कलमानुसार अशा कंपनीची मालमत्ता विकली की ‘कामगारां’च्या 24 महिन्यांच्या थकबाकीला तारणधारक बँकांच्या बरोबरीने जागा मिळते, कामगार नसलेल्या कर्मचाऱ्यांना त्यांच्यानंतर, आणि तीही 12 महिन्यांपुरतीच. थकलेले पैसे मागणारा वैमानिक रांगेत कुठे उभा राहणार, हे त्या एका शब्दाच्या व्याख्येवर ठरते.