धुराडे कोणी झाडावे?

स्वयंपाकघरातील धूर ही आपल्या बाजूस इतक्या परिचयाची गोष्ट आहे की, तिच्याविषयी काही लिहावे असे कोणास सुचत नाही. बीदर-कलबुर्गीच्या खेड्यांतून गॅस आला; तरी ज्वारीच्या भाकरीसाठी व अंघोळीच्या पाण्यासाठी कित्येक घरी तुराट्यांची चूल अद्याप पेटते. तिच्यापुढे बसणाऱ्या माउलीचे डोळे आणि छाती तो धूर मुकाट्याने सोशीत असतात.

या दुःखावरील उपाय दूरदेशीचा नव्हे. हे दोन्ही जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्याच राज्याच्या अभियांत्रिकी संशोधनशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी मातीचीच, परंतु धुराड्याची चूल सिद्ध केली. एकाच जाळावर अनेक भांडी चढावीत व धूर छपराबाहेर जावा, अशी तिची रचना होती. त्यांचे तद्विषयक इंग्रजी पुस्तक १९५३ साली मद्रासच्या ख्रिश्चन लिटरेचर सोसायटीने प्रसिद्ध केले. पुढे १९८० नंतरच्या दशकात केंद्र शासनानेही सुधारलेल्या चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तथापि पुष्कळ चुली देखभालीवाचून निकामी झाल्या. धुराडे काजळीने दाटले की हवेची ओढ मंदावते आणि धूर पुन्हा घरातच परततो. चूल बांधून देणारा निघून जातो. काजळी मात्र रोज साचते.

म्हणून निगेची रीत ध्यानी ठेवावी. चूल पूर्ण निवाल्यावरच हात घालावा. राखेत निखारा रात्रभर जिवंत राहू शकतो. ती पत्र्याच्या डब्यात काढावी, कडब्याच्या गंजीजवळ कदापि टाकू नये. महिन्यातून एकदा लांब काठीस गोणपाट बांधून धुराडे वरून खाली झाडावे. त्या वेळी नाकातोंडावर ओले फडके असावे. खाली पडलेली काजळी काढावी, तडे चिखलाने लिंपावेत आणि मगच पोतेरे द्यावे.

गॅसच्या शेगडीसही हाच न्याय लागू आहे. प्रथम रेग्युलेटर बंद करावा. शेगडी थंड झाल्यावर बर्नर काढून त्याची छिद्रे साफ करावीत व तो पूर्ण वाळवूनच बसवावा. ज्योत निळी असावी. ती पिवळी होऊन भांडी काळी पडू लागली, तर बर्नर तपासावा. नळीस चीर पडली असल्यास ती तत्काळ बदलावी. हा गॅस हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास येताच दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेच्या बटनास हात लावू नये आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

आता मथळ्यातील प्रश्न. जी चुलीपुढे बसते तिनेच छपरावरही चढावे काय? शेतीची अवजारे घासूनपुसून ठेवणाऱ्या पुरुषांनी धुराडे झाडण्याचे काम आपणाकडे घ्यावे. भाकरी सर्व घर खाते. तिच्या धुराचा भार एकटीवर का असावा?