प्रमेयांची भावकी

गणिताची वंशावळ काढायचं वेड हल्ली फार बोकाळलं आहे. चौकटी आखायच्या, बाण मारायचे: हे प्रमेय बाप, ते त्याचं लेकरू. २०१३ साली सुरू झालेली 'लीन' ही संगणकाची भाषा तर कुठलं प्रमेय कोणाच्या खांद्यावर उभं आहे, याची यादीच काढून देते. हिशेब म्हणून उत्तम! पण त्यालाच कोणी नातं म्हणू लागलं की माझं डोकं फिरतं.

युक्लिडचंच घर बघा ना. पहिल्या पुस्तकात ४८ प्रमेयं. त्यातली पहिली २८ समांतर रेषांच्या पाचव्या गृहीतकाला विचारतसुद्धा नाहीत. २९व्याला मात्र त्याचा हात धरावा लागतो. ४७वं पायथागोरसचं. म्हणजे गृहीतक आजोबा, पायथागोरस नातू. ठरलं? छे हो! बाकीचं घर तसंच ठेवून आधी पायथागोरस मानला, तर त्यातून पाचवं गृहीतक सिद्ध होतं. नातू आजोबांचा बाप झाला की! ही मंडळी आजोबा-नातू नव्हेतच, व्याही आहेत. आता मारा बाण!

बाण एवढंच सांगतो, की कोणी एक गृहस्थ कुठल्या वाटेने गेले. आणि तोच दाखवून आपण पोराला दटावतो, "मागचा धडा येत नाही ना? मग पुढचा बंद!" अहो, पोरगं परसदारानं आलं तर बिघडलं कुठे? घर तेच आहे. वंशावळ खुशाल भिंतीवर टांगा. फक्त तिची कडी करून दाराला लावू नका.