दीक्षा झाली, लायसन्सचं काय?

दाराशी कायदा / वकीलबाई

गेल्या पावसाळ्यात नगरकडच्या एका गावाहून एक ताई माझ्याकडे आल्या. सोबत थोरला मुलगा होता. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी घडीवर विरलेला एक कागद काढला आणि टेबलावर तळहाताने सपाट केला. लग्नाचा दाखला. वर क्रूस, खाली पाळकांची सही, जांभळा गोल शिक्का, दोन साक्षीदारांची नावं. तारीख बावीस वर्षांपूर्वीची. नवरा कारखान्यात नोकरीला होता, तो गेला. पैशांच्या कागदपत्रांची वेळ आली तेव्हा सासरच्या एकाने हरकत घेतली, की हे लग्नच कायद्याने झालेलं नाही. ताई एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होत्या, “पाळकसाहेबांनी लावलंय हो बाई. सगळी मंडळी हजर होती.”

मी दाखला उलटसुलट करून पाहिला. पाळकांच्या नावाखाली बायबल कॉलेजची पदवी होती, दीक्षेचं वर्ष होतं. लायसन्सचा नंबर कुठेच नव्हता.

आपल्याकडे ख्रिस्ती माणसाचं लग्न १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने लागतं. वधू किंवा वर, दोघांपैकी एकजण जरी ख्रिस्ती असला तरी हाच कायदा. लग्न कोणी लावायचं हे त्याच्या कलम ५ ने ठरवून दिलंय. बिशपच्या हस्ते दीक्षा मिळालेला धर्मगुरू, चर्च ऑफ स्कॉटलंडचा पाळक, राज्य सरकारने लायसन्स दिलेला पाळक, सरकारने नेमलेला मॅरेज रजिस्ट्रार, आणि भारतीय ख्रिस्ती जोडप्यांना विवाहाचा दाखला देण्याचं लायसन्स असलेली व्यक्ती. बस्स. वसई-मुंबईकडच्या कॅथलिक घरांत यावरून सहसा अडत नाही, कारण फादरांना दीक्षाच बिशपकडून मिळते. अडतं ते लहान, स्वतंत्र मंडळ्यांमध्ये. पाचपन्नास कुटुंबं, पत्र्याची शेड, रविवारची उपासना, आणि सुखदुःखाला रात्री-अपरात्री धावून येणारे पाळक. त्यांची दीक्षा मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी डोक्यावर हात ठेवून केलेली असते. मंडळीच्या दृष्टीने ते पूर्ण पाळक असतात. कायद्याच्या दृष्टीने सरकारी लायसन्स नसेल तर लग्न लावण्यापुरते ते कोणीच नसतात.

ताईंचं लग्न लावणाऱ्या पाळकांना मी पुढे भेटले. सत्तरी ओलांडलेले, शांत बोलणारे गृहस्थ. त्यांनी मला दीक्षेचं प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत लावलेलं दाखवलं. “हेच लायसन्स ना?” असं त्यांनी विचारलं तेव्हा मला उत्तर द्यायला जड गेलं. ते लबाड नव्हते. लग्नासाठी त्यांनी कधी पैसे मागितले नाहीत, असं गावात सगळेच सांगतात. पण कलम ६८ प्रमाणे अधिकार नसताना असं लग्न लावणं हा दहा वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, हे त्यांना आयुष्यात कोणी सांगितलंच नव्हतं.

पाळकांच्या शिक्षेपेक्षा मला जास्त टोचतं ते कलम ४. कलम ५ सोडून लावलेलं लग्न निरर्थक, म्हणजे कायद्याच्या लेखी ते झालंच नाही. आणि हाच कायदा बाकीच्या चुकांबाबत किती उदार आहे ते कलम ७७ मध्ये वाचावं. पत्ता चुकीचा सांगितला, चालेल. नोटीस नीट दिली नाही, चालेल. वेळ चुकली, जागा चुकली, रजिस्टरमधली नोंद चुकली, तरी तेवढ्यावरून लग्न रद्द होत नाही. माफी नाही ती फक्त लग्न लावणाऱ्याच्या अधिकाराला. म्हणजे जी गोष्ट वधू-वरांच्या हातात असते तिची चूक पोटात घालायची, आणि जी त्यांना तपासताही येत नाही तिच्यासाठी संसार पुसून टाकायचा. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी पाळकांना “तुमचं लायसन्स दाखवा” म्हणेल? आपल्या गावांत?

हा कायदा इंग्रजांनी केला. पण स्वतःच्या घरी त्यांनी असं केलेलं नव्हतं. इंग्लंडच्या १८२३ च्या विवाह कायद्यात लग्न लावणारा दीक्षित धर्मगुरू नसेल, तर ते माहीत असूनही जोडप्याने जाणूनबुजून लग्न लावून घेतलं असेल तरच ते रद्द ठरायचं. बेसावध जोडप्याला संरक्षण होतं. १९४९ च्या तिथल्या कायद्यातही ते कायम आहे. भारतातल्या ख्रिस्ती माणसासाठी कायदा लिहिताना ते संरक्षण गळलं आणि आजवर आपण ते परत घातलं नाही. विधी आयोगाने १९६० मध्ये आपल्या पंधराव्या अहवालात ख्रिस्ती विवाह कायदा नव्याने लिहायला सांगितलं, १९६१ मध्ये पुन्हा अहवाल दिला, १९६२ मध्ये विधेयकही आलं. ते बारगळलं.

लग्न लावणाऱ्यावर वचक असू नये असं मी म्हणत नाही. खोटी लग्नं, एक बायको असताना दुसरी, अल्पवयीन मुलींची लग्नं हे सगळं थांबवायचं तर कोणीतरी जबाबदार हवाच. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने बालविवाह लावणाऱ्याला, मग तो भटजी असो, काझी असो वा पाळक, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड ठेवला आहे. तो योग्यच आहे. पण तिथे शिक्षा लग्न लावणाऱ्याला होते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ मध्ये तर भटजीचं नावही नाही, रूढीप्रमाणे विधी झाले की झालं. ब्राह्मण पुरोहिताशिवाय लग्न लागू शकतं हे सत्यशोधकांनी १८७३ मध्येच पुण्यात करून दाखवलं, म्हणजे हा ख्रिस्ती विवाह कायदा आला त्याच्या दुसऱ्याच वर्षी. एकाच गावात दोन घरं, एका घरच्या लग्नाला पुरोहिताची पात्रता कोणी विचारत नाही, दुसऱ्या घरचं लग्न त्या एका कागदावर उभं. कलम ४ मध्ये एवढीच दुरुस्ती हवी, की जोडप्याने विश्वासाने लावून घेतलेलं लग्न पाळकाच्या लायसन्सअभावी रद्द होणार नाही.

ती होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांच्या घरी लग्न ठरलंय त्यांनी मंडळीत तीन रविवार नावं वाचायला देण्याआधी पाळकांना लायसन्स विचारावं. यात अपमान नाही. चांगले पाळक ते स्वतःहून दाखवतात. लायसन्स देताना आणि काढून घेताना सरकारला राजपत्रात जाहीर करावं लागतं, तेव्हा खात्री करता येते. त्यातही कोणतं लायसन्स ते पाहा. दाखला देण्याचं जे लायसन्स असतं ते वधू-वर दोघेही भारतीय ख्रिस्ती असतील तरच चालतं. मुलगी हिंदू आणि मुलगा ख्रिस्ती असेल तर त्या लायसन्सवर लग्न लावता येत नाही. अशा जोडप्याने देवळात हिंदू पद्धतीने केलेलं लग्नही टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये आंध्रमधल्या एका प्रकरणात सांगितलेलं आहे. त्यांच्यासाठी विशेष विवाह कायदा हा सरळ रस्ता. (गोव्यातली रीत निराळी. तिथे आधी सिव्हिल रजिस्ट्रार, मग चर्च. त्यामुळे हा घोळ तिथे होत नाही.)

आणि ज्यांची लग्नं होऊन गेली आहेत त्यांनी आज कपाटातून दाखला काढून पाहावा. पाळकांच्या अधिकाराबद्दल शंका वाटली तर घाबरून जाऊ नका, घरात भांडू नका, पाळकांना दोष देत बसू नका. विशेष विवाह कायद्याच्या कलम १५ खाली आधी झालेल्या लग्नाची नोंद करता येते. विधी झालेला असावा, तेव्हापासून नवरा-बायको म्हणून एकत्र राहत असावेत, दोघांची वयं आता एकवीस पूर्ण असावीत, आणि जिल्ह्यात तीस दिवसांचं वास्तव्य असावं, अशा मोजक्या अटी. तीस दिवसांची नोटीस लागते, तीन साक्षीदार लागतात. नोंद झाली की लग्नविधीच्या तारखेपासून जन्मलेली मुलंही औरस धरली जातात.

ताईंना हे सगळं मी समजावून सांगितलं. मुलाने विचारलं, मग आता आईचा अर्ज करू या का? त्यांचा दावा आम्ही दुसऱ्या मार्गाने लढतो आहोत, बावीस वर्षांच्या संसाराचे पुरावे गोळा करून. कलम १५ चा अर्ज त्यांना करता येणार नाही. त्यावर नवरा-बायको दोघांच्याही सह्या लागतात.