पाठ धरली तरी अंथरूण धरूं नये

गेल्या दिवाळीच्या आधीं चार दिवस आमच्या घरीं जो प्रसंग घडला, तो या सदरांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. प्रसंग लहान आहे. परंतु तो कधींच घडला नाहीं असें घर आमच्या वाचकांत क्वचितच सांपडेल. चिवड्याचे पोहे भाजून झाले होते. आमच्या थोरल्या वहिनी ओट्याखालचें मोठें पातेलें उचलण्यास वांकल्या, आणि वांकल्या तशाच राहिल्या. त्यांना सरळ उभें राहवेना, कीं खालीं बसवेना. दोघींनीं धरून त्यांस खोलींत नेलें, आणि मग घरांत सल्ल्यांस पूर आला. काकू म्हणाल्या, "आतां आठ दिवस जागची हलूं नकोस." वडील बंधूंनीं औषधांच्या दुकानांतून कमरेचा पट्टा आणविला. पुतण्यानें व्यायामशाळेंत वापरतात तो आपला फोमचा रोलर दारांत आणून उभा केला आणि सांगितलें, "मोठी आई, यावर लोळ. दोन मिनिटांत गांठ सुटेल." पलंग, पट्टा आणि रोलर! बिचाऱ्या वहिनींनीं कोणाचें ऐकावें?

सायंकाळीं डॉक्टर आले. त्यांनीं प्रथम कांहीं प्रश्न विचारले. लघवी-शौचावरचा ताबा गेला आहे काय? मांड्यांच्या मधल्या भागीं बधिरपणा आहे काय? पाऊल लुळें पडतें काय? ताप आहे काय? वजन विनाकारण उतरलें आहे काय? कोठें पडणें झालें काय? पूर्वीं कर्करोग झाला होता काय? हे प्रश्न वाचकांनींही लक्षांत ठेवावेत. यांपैकीं एकाचेंही उत्तर 'होय' असेल, तर पुढील उपाय त्या रोग्याकरितां नाहींत. त्यानें डॉक्टरांकडे जावें. पहिल्या तिहींपैकीं कांहीं असेल, तर त्याच घटकेस रुग्णालय गांठावें. तेथें तासांचा प्रश्न असतो. वहिनींचीं सर्व उत्तरें 'नाहीं' अशीं आलीं. तेव्हां डॉक्टर म्हणाले, "आज हवें तर पडून राहा, उद्यांपासून मात्र उठून घरांत फिरायला लागा." काकूंस हा सल्ला निर्दयपणाचा वाटला. खरें सांगावयाचें तर आम्हांसही वाटला. म्हणून आम्हीं थोडें वाचन केलें, आणि जें हातीं लागलें तें येथें देत आहों.

कंबरदुखी ही कांहीं एका घराची विपत्ति नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२० सालीं जगांत ६१ कोटि ९० लक्ष माणसांस ती होती, आणि त्यांत पुरुषांपेक्षां स्त्रियांची संख्या अधिक. अशा दहा रोग्यांपैकीं सुमारें नऊ जणांत मणका मोडलेला, सडलेला किंवा निखळलेला आढळत नाहीं. दुखणें अगदीं खरें असतें; परंतु त्याला एक अमुक असें कारण दाखवितां येत नाहीं. दुखऱ्या जागेचें रक्षण करावें म्हणून भोंवतालचे स्नायु आवळून बसतात, आवळल्यामुळें अधिक दुखतें, आणि दुखेल या भीतीनें मनुष्य हलेनासा होतो. हें चक्र एकदां सुरू झालें, म्हणजे मूळ लचक बरी झाल्यावरही तें आपल्या बळावर फिरत राहतें.

पलंगाविषयीं आमचा समज किती चुकीचा होता, तें एका जुन्या प्रयोगावरून कळतें. अमेरिकेंत रिचर्ड डेयो या वैद्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०३ रोग्यांचे दोन वर्ग केले. एका वर्गास दोन दिवस व दुसऱ्यास सात दिवस निजून राहण्यास सांगितलें. १९८६ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. सात दिवसवाल्यांस कोणताच अधिक गुण आला नव्हता. उलट दोन दिवसवाले कामावर लवकर रुजू झाले होते. पट्ट्याची गत याहून बरी नाहीं. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या कंबरदुखीविषयीं जागतिक आरोग्य संघटनेनें डिसेंबर २०२३ मध्यें जीं मार्गदर्शक सूत्रें दिलीं, त्यांत पट्टे आणि कमरेला ओढ देण्याचे उपचार नित्याच्या व्यवहारांत वापरूं नयेत असें म्हटलें आहे. नियमित व्यायाम, दुखण्याची नीट समजूत आणि मर्दन यांस मात्र त्यांत स्थान आहे.

आतां ताण देण्याचे व्यायाम पाहूं. ते कोणी कोणते करावेत? येथें न्यूझीलंडमधील एक गोष्ट उपयोगी पडते. वेलिंग्टन शहरीं रॉबिन मॅकेन्झी नांवाचे व्यायामोपचारतज्ज्ञ होते. १९५६ सालीं त्यांच्याकडे पायापर्यंत कळ जाणारा एक रोगी आला. त्यास तपासणीच्या मेजावर पालथें निजावयास सांगून मॅकेन्झी दुसऱ्या कामास गेले. मेजाची डोक्याकडची बाजू आधींच्या रोग्याकरितां उंच केलेली होती, तें त्यांच्या ध्यानीं राहिलें नाहीं. पांचेक मिनिटांनीं येऊन पाहतात तों रोगी पाठ मागें वांकवून पडलेला, आणि पायांतली कळ नाहींशी झालेली! या अपघातांतून त्यांनीं पुढें आपली पद्धति बसविली. आपणांस त्यांतून एक खूण मिळते. व्यायाम करतांना कळ पायांतून वर सरकून कमरेशीं गोळा होत असेल, तर व्यायाम मानवला आहे. ती पायांत आणखी खालीं उतरत असेल, तर तो व्यायाम तत्काळ थांबवावा.

घरीं करण्यासारखे चार व्यायाम असे. उताणें निजून एकेक गुडघा दोन्ही हातांनीं छातीकडे घ्यावा. मग घोटा दुसऱ्या गुडघ्यावर आडवा ठेवून खालची मांडी जवळ ओढावी. नितंबांतील आवळलेले स्नायु यानें मोकळे होतात. तिसरा, पंचा तळव्याखालून घालून दोन्ही टोकें हातीं धरावीं व पाय सावकाश वर न्यावा. चौथा, पालथें निजून कोपरांवर छाती किंचित् उचलावी. प्रत्येक ताण वीस ते तीस सेकंद, दोन-तीन वेळां. हिसका नाहीं, श्वास कोंडणें नाहीं. ताण गोड लागला पाहिजे; दांत आवळावे लागले, म्हणजे मर्यादा ओलांडली असें समजावें.

पुतण्याच्या रोलरचा न्यायही केला पाहिजे. हा घट्ट फोमचा सुमारें पंधरा सेंटिमीटर व्यासाचा दंडगोल. तो पाठीच्या वरच्या भागाखालीं, खांद्यांच्या फऱ्यांच्या पातळीवर, आडवा ठेवावा. गुडघे वर, हात छातीवर दुमडलेले. आणि अगदीं सावकाश वर-खालीं सरकावें. एका जागीं अर्धें ते एक मिनिट पुरे. कमरेच्या पोकळीखालीं मात्र तो घालूं नये. तेथें बरगड्यांचा आधार नसल्यानें कंबर नको तेवढी मागें वांकते. कमरेकरितां नितंब आणि मांड्या यांवर तो फिरविणें पुष्कळ बरें. ज्यांस जमिनीवर उतरणें कठीण, त्यांनीं भिंतीशीं पाठ लावून टेनिसचा चेंडू मध्यें धरावा. तो मणक्यांच्या बाजूस मांसल भागावर असावा, मणक्यांवर कधींही नसावा. पोटऱ्या व मांड्यांस घरचें लाटणेंही चालतें. हें सांगतांच काकू उसळल्या, "ज्यानें पोळी लाटायची, तें पायाला लावायचें?" मग त्यांनींच माळ्यावरून एक जुनें शिसवी लाटणें काढून दिलें, आणि तें आतां कायमचें औषधांच्या कपाटांत गेलें आहे. हाडें ठिसूळ झालेल्यांनीं, रक्त पातळ करण्याचीं औषधें घेणाऱ्यांनीं, पायांतील रक्तवाहिनींत गुठळी झालेल्यांनीं आणि गर्भवतींनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून यांपैकीं कोणतेंच साधन वापरूं नये.

परंतु 'गांठ सुटेल' ही पुतण्याची कल्पना खरी नव्हे. रोलरनें आंतली कोणतीही गांठ फुटत नाहीं, कीं स्नायूंवरील आवरण लांबत नाहीं. दाबामुळें मज्जातंतूंची तक्रार कांहीं वेळ मंदावते आणि तोच ताण अधिक सोसवतो, एवढाच मुख्यतः त्याचा अर्थ. ही मोकळीक बहुधा कांहीं मिनिटेंच टिकते. तेव्हां रोलरवर लोळून पुन्हां खुर्चींत जाऊन बसणें म्हणजे दार उघडून उंबऱ्यावरच उभें राहणें होय. त्या मोकळ्या मिनिटांत उठून चालावें, व्यायाम करावा. खरा गुण त्याचा आहे. ऑस्ट्रेलियांतील ७०१ माणसांवरील एका प्रयोगाचा निकाल २०२४ सालीं आला. हीं सर्व माणसें कंबरदुखींतून नुकतीं बरीं झालेलीं होतीं. ज्यांस क्रमाक्रमानें वाढत जाणारा चालण्याचा कार्यक्रम व समजूत दिली, त्यांचें दुखणें उलटण्यास मध्यमानानें २०८ दिवस लागले. ज्यांस कांहींच दिलें नाहीं, त्यांचें ११२ दिवसांतच उलटलें. चालण्यास पैसा लागत नाहीं, हें वेगळें सांगावयास नको. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं ज्या सूर्यनमस्कारांचा जन्मभर प्रसार केला, तेही उत्तमच. मात्र पाठ धरलेली असतां त्यांतील पुढें वांकणें घाईनें करूं नये. दुखणें ओसरल्यावर दोन-तीन नमस्कारांनीं आरंभ करावा.

येथवर सर्व शास्त्र झालें. आमच्या घरीं खरी अडचण निराळीच निघाली. तिसऱ्या दिवशीं वहिनी फिरूं लागल्या, आठव्या दिवशीं व्यायामही करूं लागल्या. परंतु व्यायामास बसल्या कीं आंतून हांक येई. कधीं दूध उतूं जाई, कधीं कोणाचा डबा भरावयाचा राही, कधीं कोणास चष्मा सांपडत नसे. चष्मा न सांपडणारे गृहस्थ आम्हीच होतों, हें कबूल केलें पाहिजे. एकदां सहज विचारतां कळलें कीं पाठ गणपतीपासूनच दुखत होती. "मग बोललां कां नाहीं?" असें आम्हीं विचारलें. त्या म्हणाल्या, "भाऊजी, बोलून काम कोण करणार होतें?" त्यांत राग नव्हता; जणूं बाजारभाव सांगावा तसें त्यांनीं तें सांगितलें. दोन महिने आम्ही त्यांच्या हातचें जेवीत होतों, आणि ताट वाढतांना त्या एक हात भिंतीस टेकतात हें कोणीही पाहिलें नव्हतें.

त्या संध्याकाळीं काकूंनीं न्याय दिला. गॅसचे सिलिंडर, पाण्याचीं पातेलीं आणि गाद्या पुरुषांनीं उचलाव्या. आणि साडेपांच ते पावणेसहा या वेळांत थोरलीला कोणीही हांक मारावयाची नाहीं. हुकूम पाळला जावा म्हणून त्या स्वतः खोलीच्या दाराशीं माळ घेऊन बसत. पुढें पुढें माळ कोनाड्यांत ठेवून त्या वहिनींबरोबर फिरावयासही जाऊं लागल्या.

माघांत पाठ पुन्हां एकदां धरली. दुखणें कायमचें गेलें असें लिहून आम्ही वाचकांस फसविणार नाहीं. परंतु या वेळीं कोणी पट्टा आणला नाहीं, कोणी अंथरूण घातलें नाहीं. वहिनींनीं स्वतःच हांक मारून सांगितलें, "आज पाठ दुखते आहे, पातेलें कोणी तरी उचला." तीन दिवसांत त्या पूर्ववत् झाल्या. ज्या घरांत रोलर आहे त्यांनीं तो अवश्य वापरावा. नसेल तर चेंडू आणि जुनें लाटणें पुरेल. मात्र साधन आणण्यापूर्वीं, तें वापरावयाचीं पंधरा मिनिटें घरांतील कोणास मिळत नाहींत, याची एकदां चौकशी करावी, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.