ढिली चेन

मेव्हण्याच्या हरसूलच्या उतारावर मे महिन्यात डोझर लावला होता. नागलीच्या वरकस जमिनीतून भाताची दोन खाचरं काढायची होती. डोझर जुना, भाड्याचा, तासावर. वळवाची एक सर येऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी वळताना डावी चेन स्प्रॉकेटवर कडाड् कडाड् उड्या मारायला लागली. ऑपरेटरनं ग्रीस गन लावून ती ताणली. संध्याकाळी पुन्हा झोळ.

या चेनला ताण देतो तो ग्रीसनं भरलेला एक सिलिंडर. निपलमधून ग्रीस मारलं की पिस्टन पुढचं आयडलर चाक ढकलतो. जोडीला एक जाड स्प्रिंग असते, ती दगडाचा धक्का खाते. ग्रीस आत कोंडून राहिलं तरच ताण टिकतो. म्हणून डोझरच्या मालकानं फोनवरच निदान केलं, ‘सील गेलं’, आणि सीलकिट मागवूनही टाकलं.

सातपूरहून फिटर आले. वय साठीचं, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी आधी मागितलं खुरपं आणि बादलीभर पाणी. अर्धा तास नुसती लाल माती खरवडत बसले. मी चुळबुळ करत होतो.

“ग्रीस कुठून येतंय ते दिसू तर द्या, साहेब,” ते म्हणाले.

मग ग्रीस भरलं, डोझर वीसेक पावलं पुढेमागे नेला आणि वर्तमानपत्राचा कागद मागितला. पिस्टनच्या तोंडाशी कागद कोरडा निघाला, म्हणजे सील शाबूत. निपल बसतं त्या वाल्व्हखाली मात्र तेलकट डाग. आतल्या गोळीवर कचरा अडकला होता.

ग्रीस बाहेर येतच नसतं आणि आयडलरही हलत नसता, तर दोष आयडलरला धरणाऱ्या, जाम झालेल्या योकचा. तिथे गन मारत राहणं म्हणजे धोका ओढवून घेणं. आयडलर पार पुढच्या टोकाला पोचला असता, तर पिना-बुश झिजून चेनच लांबलेली. ढिली चेन एकच दिसते, कारणं ही अशी.

वाल्व्ह सोडवताना चाचांनी आम्हा सगळ्यांना बाजूला काढलं. स्वतःही समोर न बसता कडेला बसले. पाना एका आट्याहून जास्त फिरवला नाही. ग्रीस गांडुळासारखं बाहेर येऊन थांबेपर्यंत वाट पाहिली. आतला दाब एवढा असतो की उडालेला वाल्व्ह गोळीसारखा लागतो.

नवा वाल्व्ह बसला. वरच्या रोलरपासून आयडलरपर्यंत सरळ सळई ठेवून झोळ मोजला. या आकाराच्या बऱ्याच डोझरांना 20 ते 30 मिलिमीटर चालतो. चाचांनी थोडा जास्तच ठेवला. ऑपरेटर कुरकुरला. पण ओली माती दात्यांत भरली की चेन आपोआप ताठते, आणि आधीच आवळलेली असली तर झिजून जाते. मला चाचांचं पटलं. हे यंत्र आलंच रुतणाऱ्या जमिनीतून: 1904 साली कॅलिफोर्नियात स्टॉकटनजवळ चाकं रुतायची, म्हणून बेंजामिन होल्टनं वाफेच्या ट्रॅक्टरची मागची चाकं काढून तिथे पट्टे चढवले.

दोन दिवसांत दुसरं खाचर निघालं. सीलकिट तिसऱ्या दिवशी पोचलं. सीलबंद, मेव्हण्याच्या ओट्यावर पडलंय. मालकाचा रोज फोन येतो, “टाकलं का?”